मापाला ताई

दिवाळी सरली की आमच्या सोसायटीत एक माणूस मशीन ढकलत येतो आणि खालची हिरवळ कापून जातो. हिरवळ म्हणजे काय, चार सतरंज्या अंथरल्या तर संपेल एवढी. पण कापल्या गवताचा वास काही जागा बघून येत नाही. तो सरळ वर स्वयंपाकघरात शिरतो, मी गॅस बारीक करते आणि काम नसताना खिडकीशी जाऊन उभी राहते. मुलगा विचारतो, आई, दरवर्षी याच दिवसांत तुझं लक्ष कुठे असतं? मी म्हणते, भिवंडीला. त्याला वाटतं, माहेरची आठवण आली. माहेर तर मला बारा महिने आठवतं. हे वेगळं आहे. हा वास आला की मला आधी अपराधी वाटतं, आणि कशाबद्दल ते मग आठवतं.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावाबाहेर आमचा एक माळ होता. भात व्हायचं नाही त्यात, नुसतं गवत. बाबांच्या वाटणीत तेवढंच आलं होतं आणि आई त्यावरून त्यांना आयुष्यभर टोमणे मारत आली. दामूकाका नावाचे गावातले शेतकरी तो माळ सांभाळायचे. दसरा झाला की गवतावर विळे चालायचे, पेंढ्या बांधल्या जायच्या, आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे ट्रक येऊन सगळं भरून न्यायचे. मागे उरायचा तो माळ न्हाव्याच्या खुर्चीतून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा दिसायचा. स्वच्छ, जरा पोरका, आणि उन्हात वास मारणारा. ऐंशीच्या दशकात एका वर्षी, या गवतकापणीपासून संक्रांतीपर्यंत, त्या माळावर आम्ही दोघी बहिणी गोल्फ खेळलो. हे मी कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात. हसा बापडे. मलाही हसू आलं असतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ताईची दहावी झाली होती आणि माझी व्हायची होती. घरी कुणीतरी हवं होतं, म्हणून ताई घरी राहिली. मी टायपिंग शिकले आणि कोन गावाच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या कंपनीत चिकटले. कंपनीच्या कॉलनीत साहेब लोकांसाठी नऊ होलचं छोटं गोल्फचं मैदान होतं. ते सांभाळायचे आमचे कर्नलसाहेब. मिलिटरीतून निवृत्त होऊन कंपनीत ऑफिसचा कारभार बघायला आले होते, आणि कारभारापेक्षा मैदानच जास्त बघायचे. कंपनीच्या स्पोर्ट्‌स डेला त्यांनी गंमत म्हणून सगळ्यांना एकेक चेंडू मारायला लावला. सगळ्यांनी माती उकरली. माझा चेंडू गेला. कसा गेला देव जाणे, पण सरळ गेला आणि लांब गेला. संक्रांतीनंतर बायकांचा सामना होता, चौघींची टीम हवी होती आणि साहेबांच्या बायका तीनच तयार होत्या. चौथी मी. कॉलनीच्या मैदानावर मला रविवारचीच परवानगी होती, म्हणून बाकीच्या दिवशी सरावाला आमचा माळ. आईला काही ते पटलं नाही. चेंडू मारायचा आणि तो आणायला परत आपणच जायचं, ह्यात काय ते सुख, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची.

गोल्फच्या काठ्यांत लोखंडी तोंडाच्या असतात तशा लाकडी तोंडाच्याही असतात, त्यांना वुड म्हणतात. त्यातली तीन नंबर आणि पाच नंबर ही फेअरवेवर वापरायची, म्हणजे पहिला फटका मारून झाला, चेंडू आखूड गवतात पडलाय, झेंडा अजून लांब आहे, अशा वेळी. कर्नलसाहेबांचं म्हणणं असं की लोखंडी काठी कुणाचीही मागून आणलेली चालते, पण वुड ज्याची त्याच्या मापाचीच हवी. दांडा लांब झाला तर जमिनीवर ठेवल्यावर तिचा चवडा वर उचलला जातो, टाच मातीत रुतते, आणि चेंडू डावीकडे पळतो. आखूड झाली तर माणूस वाकतो आणि सगळी ताकद पाठीत जाते. त्यांनी मुंबईहून एका काठ्या करणाऱ्याला एका रविवारी बोलावून घेतलं. तो चौघींची मापं घेणार होता, उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, पंजाची लांबी, शिवाय थोडे फटके मारायला लावून हात कसा फिरतो ते बघणार होता.

त्या रविवारी मला कावीळ झालेली. डोळे हळदीसारखे, अंगात उठायचं बळ नाही. दारात कंपनीची जीप उभी. आईने क्षणाचाही विचार केला नाही. ताईला म्हणाली, तू जा, हिचं माप देऊन ये.

यात आमच्या घरात कुणालाही काही वावगं वाटलं नाही, हे आधी समजून घ्या. आमच्याकडे शिंप्याला नेहमी ताईचा जुना ब्लाउज जायचा. मापाचा ब्लाउज. त्यावर दोघींचे शिवून यायचे, आणि मग आई माझ्याला घरी बसून एक टीप घालायची. शाळेचे बूटसुद्धा ताईच्या पायाचे आणायचे आणि माझ्या बुटांत पुढे कापूस घालायचा. मापाला ताई आणि टीप मला, हा घरचा रिवाज. ब्लाउजला उंची लागत नाही, काठीला लागते, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. मी स्वतः गोधडीतून मान हलवून हो म्हटलं होतं.

ताई माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. त्या काळच्या आमच्या आळीत ते काही कौतुकाचं नव्हतं. स्थळं यायची, मुलगा शेजारी उभा राहायचा, आणि चहा पिऊन मंडळी निघायची. आईने तिला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं, जरा वाकून उभी राहा गं. फोटोत ती मागच्या रांगेत, गुडघ्यात किंचित मोडलेली. म्हणून ती गरीब गाय वगैरे होती असं समजू नका. पत्त्यांत उघडउघड लबाडी करायची, शेजारच्या लूमवाल्याशी खडखडाटावरून हिंदीत कडकडून भांडायची, आणि हसायला लागली की बाबांच्या खाटेपाशी ठेवलेला पेला वाजायचा. पण उभी राहायची ती वाकून. तिने शिकवणीला घेतलेली पोरं तिच्या मागे तिची नक्कल करायची, हे तिला ठाऊक होतं.

तर ती गेली आणि दुपारी परत आली. कसं झालं विचारलं तर म्हणाली, काय व्हायचंय, उभी केली आणि टेप लावली. संध्याकाळी ती भाकरी थापताना मी पडल्यापडल्या बघितलं, तिच्या तळहाताला फोड आलेला. पीठ झोंबत असणार. मी विचारलं नाही. मैदानावर काय झालं ते मला नंतर कर्नलसाहेबांकडून कळलं. मापवाला ताईला हिंदीत एकच गोष्ट सांगत राहिला होता, सीधे खडे रहिए, बहनजी, एकदम सीधे. आणि ती सरळ उभी राहिली, आणि मग त्याने दिलेले चेंडू संपेपर्यंत थांबलीच नाही.

वुड्स आल्या तेव्हा माळावरचं गवत नुकतं कापलं होतं. काय सुरेख होत्या! तपकिरी लाकडाची तुकतुकीत तोंडं, खाली पितळी पट्टी, पॉलिशचा वास. ताई आणि मी सकाळी सकाळी एसटीने पूर्ण्याला गेलो. मी चेंडू ठेवला, पवित्रा घेतला, मारला. टाच मातीत. पुन्हा मारला, चेंडू डावीकडे निवडुंगात. तिसरा तिथेच. मला रडू यायचं बाकी होतं. आजारपणात आपलं सगळं गेलं असं वाटलं. ताई निवडुंगातून चेंडू काढून काढून ओरखडली होती. ती वैतागून आली आणि म्हणाली, बघू इकडे.

तिने पदर कमरेला खोचला. काठी जमिनीवर टेकवली तर ती अशी चपखल बसली, ना टाच वर, ना चवडा. मग तिने मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, लाकडावर बसलेला एक गोल, भरीव ठोका. चेंडू माळ ओलांडून, बांध ओलांडून पलीकडच्या खाचरात गेला, जिथे दामूकाका वालासाठी नांगर धरून उभे होते. त्यांनी बैल थांबवले. चेंडू उचलून, धोतराला पुसून, चालत आमच्यापर्यंत आले आणि माझ्याकडे न बघता ताईला देत म्हणाले, "पोरी, तुझ्या हातात जोर हाय. इतके दिस कुठं ठेवला व्हतास?"

त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवत नाहीत, सगळे मिळून एकच सकाळ वाटते. थंडी अजून बोचरी नाही. एसटीत रात्रपाळी संपवून निघालेले कामगार मान टाकून झोपलेले, त्यांच्या केसांत कापसाची तुसं. माळावर दव, त्यात आमच्या पायांच्या वाटा. कापलेल्या गवताची खुंटं घोट्याला टोचायची. लांबून कुठल्यातरी गंजीचा धूळभरला गोड वास. ताईने आपल्या फटक्यांना नावं ठेवली होती. सरळ गेला तर तो 'जावई', वाकडा गेला तर तो 'दीर'. तिचे बहुतेक जावईच असायचे. मी लोखंडी काठ्या घेऊन मारायची, ती माझ्या वुड्स घेऊन मारायची, आणि दामूकाकांची बायको बांधावर बसून तोंडाला पदर लावून हसायची. एकदा ताई उन्हाकडे पाठ करून पवित्रा घेऊन उभी होती आणि मी तिची सावली बघितली. लांब, सरळ. आमच्या ताईची सावली मी तशी कधी बघितली नव्हती. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच्याच पोटात काहीतरी आंबट वळवळलं, तेही खरं.

कारण माझं काय? ऑफिसात मला लोक ओळखायला लागले होते ते त्या चेंडूमुळे. बड्या साहेबांच्या बायका मला नावाने हाक मारायच्या. ताईला घर होतं, आईचा जीव होता, सगळ्या आळीवर तिचा धाक होता. मला जगात माझं असं एवढंच होतं, ती चौथी जागा. असं मी स्वतःला सांगत होते. आता लिहितानासुद्धा ते थोडं पटतंय, म्हणजे बघा.

कर्नलसाहेबांनी एका रविवारी मला त्या वुड्सशी झगडताना बघितलं आणि काय घोटाळा झालाय ते त्यांना लगेच कळलं; मापाच्या दिवशी ताईला बघून माझ्याऐवजी तीच खेळणार असं त्यांनी धरलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, काठ्या चुकलेल्या नाहीत, ज्या बाईच्या मापाच्या आहेत तिच्यासाठी अगदी बरोबर आहेत. घरची माणसंसुद्धा टीममध्ये चालतात. जागा एक आहे, काठ्यांची जोडी एक आहे. तुम्ही दोघी घरी बसून ठरवा. ती खेळणार असेल तर काठ्या आहेत तशाच राहू देत. तू खेळणार असशील तर मापवाला दांडे कापून देईल, मूठ बारीक करेल, आणि वजन कमी पडू नये म्हणून पितळी पट्टी उघडून खाली शिसं भरेल. मी म्हटलं, विचारते.

आता आमच्या घरचा आणखी एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतं. पंगतीत वाढणाऱ्याने पहिल्या नकोवर पुढे सरकलं तर आई त्याला सगळ्यांदेखत परत फिरवायची. ताई तर पहिल्यांदा कशालाच हो म्हणायची नाही, ना लाडवाला, ना नव्या साडीला, ना सिनेमाला. दुसऱ्यांदा विचारायचं, मग ती म्हणायची, बरं, तू एवढं म्हणतेस तर. हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

मी तिला विचारलं ते ती कणीक मळत असताना. हात पिठात, चुलत्यांकडचे पाहुणे यायचे होते, आतून बाबा हाका मारत होते. दुसरी वेळ काढता आली नसती का? आली असती. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "कर्नलसाहेब विचारत होते, तू खेळतेस का म्हणून. तुला कुठे वेळ आहे म्हणा."

"मला कुठे वेळ आहे," ताई म्हणाली. "काप त्या. खेळणारी तूच आहेस."

मी बरं म्हटलं आणि चपला घालून ऑफिसला गेले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवशी नाही, रात्री जेवताना नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वुड्स मुंबईला गेल्या आणि आठवड्याभरात दोन बोटं आखूड होऊन परत आल्या.

माझ्या हातात त्या आता अशा बसल्या की काय सांगू. पहिलाच फटका 'जावई'. मी ताईकडे वळून हसले. तिने काठी मागून घेतली, टेकवली, आणि तिला वाकावं लागलं. गुडघ्यात मोडून, पाठ गोल करून, अगदी फोटोतल्यासारखी. तिने चेंडू मारलाही नाही. काठी उलटीकडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, आता तुझ्या झाल्या. आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते, म्हणजे मला तोंड वर करून भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने शिकवणीच्या पोरांची परीक्षा आली म्हणून सांगितलं. त्यानंतर माळावर मी एकटी जायची, आणि निवडुंगातले चेंडू माझे मलाच काढावे लागायचे. दामूकाका लांबून विचारायचे, मोठी आली न्हाय? मी म्हणायची, कामात आहे.

सामन्यात आमची टीम दुसरी आली. मला बक्षीस म्हणून गरम पोळ्या ठेवायचा डबा मिळाला आणि तो बरीच वर्षं ताईनेच वापरला. सगळे मला शाबासकी देत होते. ताईने तर शेजारच्या लूमवाल्याला बोलावून डबा दाखवला. मी हसत होते आणि आतून मला ते सहन होत नव्हतं. तिने एकदा टाकून बोलायला हवं होतं.

मी खेळत राहिले. लग्न झालं तरी नोकरी सोडली नाही, रविवार सोडला नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सगळ्यांकडे धातूच्या तोंडाच्या वुड्स आल्या आणि माझ्या लाकडी जोडीला लोक जुन्या बाजारातला माल म्हणून चिडवायला लागले. त्या दिवसांत कुणीतरी बोलता बोलता म्हणालं की कापलेला दांडा परत लांबवता येतो, आत खुंटी ठोकून वर तुकडा जोडायचा, काही अवघड नाही. मी ते ऐकलं आणि चहा प्यायले. म्हणजे दार बंद झालं म्हणून मी जे इतकी वर्षं स्वतःला समजावत होते, ते दार नुसतं लोटलेलं होतं. तेव्हा बाबा गेलेले होते, ताईला दुपारी वेळच वेळ होता. तरीही मी काही केलं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित ती हो म्हणाली तर काय, ह्याची मला भीती वाटली असेल.

मग कंपनी बंद पडली. माळ विकला, आता तिथे गोडाऊन आहे. मागच्या वर्षी मी तिथून रिक्षाने गेले तर जिथे ताईची सावली बघितली होती तिथे एक ट्रक मागे मागे येत होता आणि एक माणूस 'आने दो, आने दो' म्हणत होता. गवत नाही, वास नाही. बरं वाटलं थोडं, खोटं कशाला सांगू.

यंदा मशीनवाला येऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी भिवंडीला गेले. ताई त्याच घरात एकटी असते. लूम कमी झालेत, दुपारी आळीत चक्क शांतता असते. ती आता साठी ओलांडून गेलीय आणि वाकलीय, पण ह्या वयात सगळेच वाकतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिने वालाचं बिरडं करायचं म्हणून मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले होते. दोघी ताट मध्ये घेऊन सोलायला बसलो. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची सून कशी, सगळं झालं. मग मी मान खाली घालूनच म्हटलं, "ताई, तुला खेळायचं होतं का गं तेव्हा? माळावर खेळायचो ते?"

"छे," ती म्हणाली. "मी कुठली खेळतेय. बाबांचं कोण बघणार होतं?"

एक वाल सोलला. आणखी एक सोलला. सालं बोटाला चिकटत होती. इतकी वर्षं मी ह्याच ठिकाणी उठून चपला घातल्या होत्या.

"ताई, परत विचारतेय. खेळायचं होतं का?"

तिचे हात पाण्यात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "फार."

आणि थोड्या वेळाने, नेहमीच्याच आवाजात, "मला वाटलं होतं, संध्याकाळी घरी आलीस की परत विचारशील."

माझे हात चालत नाहीत हे बघून तिने माझ्यापुढचे वाल आपल्या बाजूला ओढून घेतले आणि ती सोलू लागली.